डाव्या कोपऱ्यात कुणी येत नसे

हुतूतूच्या मैदानात मी दोन वर्षं डाव्या कोपऱ्याला उभा राहिलो, तेव्हा मला एकच हात होता. त्या दोन वर्षांत समोरच्या संघाचा एकही गडी धड माझ्या अंगावर चालून आला नाही. मला वाटायचं, घाबरतात. आता म्हातारपणी शाळांतून भाषणाला बोलावणं येतं, जिद्दीची गोष्ट सांगा म्हणतात. एकदाच गेलो होतो. तिथे खरं काय घडलं ते सांगायला लागलो, तर पाचव्या मिनिटाला व्यवस्थापकांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. त्यानंतर मी असल्या बोलावण्यांना प्रकृतीचं कारण सांगतो. जे तिथे सांगता आलं नाही ते इथे लिहितो.

आमचं गाव वरोर, डहाणू तालुक्यात, समुद्राला अगदी लागून. गावाच्या कडेला बांबू रोवून, त्यांवर आडव्या दोऱ्या ताणून बोंबील वाळत घालायच्या वलांडी होत्या. त्यांच्या मागे जी मोकळी जागा उरे, ते आमचं मैदान. बाहेरगावचा संघ खेळायला आला की पहिली पाच मिनिटं नाकाला धोतराचा सोगा लावून उभा राही. आम्हाला तो वास कळतच नसे. उलट वाणगावला किंवा डहाणूला खेळायला गेलो की हवेत काहीतरी कमी आहे असं वाटायचं.

मी सोळाव्या वर्षापासून डावा कोपरा. हुतूतूत चढाईचा गडी दम घेऊन आत आला की समोरचे गडी एकमेकांचे हात धरून साखळी करतात. साखळीच्या दोन टोकांना जे दोघं उभे असतात ते कोपरे. आत शिरलेल्याचा पाय कोपऱ्याने घोट्यात पकडायचा आणि बाकीच्यांनी त्याच्यावर पडून त्याला झाकायचं, एवढंच ते काम. पण पहिली पकड चुकली तर बाकीचे नुसते धूळ खातात. माझी पकड सहसा चुकत नसे. याचा मला गर्व होता, आणि तो गर्व मी लपवतही नव्हतो. मुंबई राज्य अजून एकच होतं तेव्हाची ही गोष्ट.

होडी माझ्या बाची. समुद्रात खोलवर खांब रोवलेले असत, त्यांना पिशवीसारखी डोलीची जाळी बांधायची. पाण्याच्या ओढीबरोबर मासळी आत शिरते. ओढ थांबली की पाणी उलटं फिरायच्या आत जाळं वर घ्यायचं. हे सगळं काम दोरांचं. दोर हाताला गुंडाळायचा नाही, मुठीत धरायचा, म्हणजे वेळ आली तर सोडता येतो, हे बा मला चालायला लागल्यापासून सांगत होता. त्या दिवशी संध्याकाळी वाणगावला सामना होता. दोर ओला, घाई झालेली, मूठ सुटत होती. मी डाव्या मनगटाला दोन वेढे घेतले. पाणी फिरलं, होडी वळली आणि दोर ताठ झाला. हाड मोडल्याचा आवाज आधी ऐकू आला, दुखायला नंतर लागलं. चूक माझी होती, हे मी कधी नाकारलं नाही.

हात मात्र त्या चुकीने गेला नाही. गावात हाडं बसवणारा एक म्हातारा होता आणि तो त्याच्या कामात खरोखर वाकबगार होता. त्याने हाड सरळ केलं, पाला लावला, बांबूच्या कामट्या लावल्या आणि वरून दोरीने आवळून बांधलं. दुसऱ्या दिवशी तो उंबरगावच्या पलीकडे लेकीकडे बारशाला निघून गेला. आमच्याकडे असं मानत, की ज्याने कामट्या बांधल्या त्यानेच त्या सोडायच्या. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर हाड पुन्हा सांधत नाही. त्यामुळे म्हाताऱ्याची वाट बघणं सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी बोटं सुजली, चौथ्या दिवशी निळी पडली. मग त्यांत काही लागलेलं कळेना. सहाव्या दिवशी वास यायला लागला, आणि मी वलांडीच्या गावात वाढलेला असूनही तो वास मला सहन होईना. आई रडत होती. बा माझ्या खाटेशेजारी बसून होता. जाळ्याचे दोर कापायचा सुरा त्याच्या कमरेला कायम असे, तेव्हाही होता. मी त्याला दोनदा म्हटलं, "काप ती दोरी."

"म्हाताऱ्याला येऊ दे," बा म्हणाला. दोन्ही वेळा एवढंच.

म्हातारा आठव्या दिवशी आला. त्याने बघितलं आणि तो सरळ घरी गेला. मला बैलगाडीत घालून डहाणूला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कोपराच्या खाली चार बोटं अंतर सोडून पुढचा हात काढला. शुद्धीवर आल्यावर मला त्यांचं बोलणं ऐकू आलं, दोरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सैल केली असती तर हात राहिला असता. बा दाराशी उभा होता, त्यानेही ते ऐकलं. पुढे तो अकरा वर्षं जगला. त्या दोरीबद्दल तो कधी बोलला नाही आणि मी त्याला माफ केलं नाही. तो गेला तेव्हाही नाही. वाचणाऱ्याला मी वाईट वाटलो तर वाटू दे.

होडीवर एका हाताच्या माणसाचं काम नसतं. मला वलांडीवर बायकांबरोबर बोंबील पालटायला बसवलं. बायका चेष्टा करायच्या, की चला, आता आमच्यात एक नवी सून आली. त्या वाईट नव्हत्या, कामात हात लावायच्या, भाकरी द्यायच्या. पण चोवीस वर्षांच्या माणसाला दिवसभर तिथे बसून मागच्या मैदानातला आरडाओरडा ऐकावा लागणं ही शिक्षा होती. मी पाठ करून बसायचो. पाठ केली तरी दम कुणाचा आहे आणि पकड कुणाची चुकली, हे आवाजावरून मला समजायचं.

दीड वर्षाने संघाचा डावा कोपरा मुंबईला गिरणीत लागला. माझा चुलत भाऊ संघाचा कप्तान होता. तो वलांडीपाशी आला, एक ओला बोंबील उचलून उगाच न्याहाळला आणि म्हणाला, "कोपऱ्याला उभा राहशील का?"

मी म्हटलं, "कशानं धरू? दातानं?"

"उजवा हात साखळीत. डाव्या बाजूला तुला हात लागतोच कशाला? पायाची कैची मार."

त्याने हे इतकं सहज सांगितलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे आठवलं की आज मला स्वतःचाच राग येतो. पण तेव्हा मी त्याचे पाय धरायला कमी केलं नसतं. मी रोज पहाटे ओल्या वाळूत एकटाच पडायचा सराव करायला लागलो. एका अंगावर पडायचं, दोन्ही पायांची कैची करून समोरच्याचा पाय अडकवायचा आणि साखळीतला हात न सोडता वळायचं. खांदा सोलून निघायचा. महिन्याभरात मला ते जमलं. नुसतं जमलं नाही, चांगलं जमलं. ही बढाई नाही. ती कैची खरोखर चांगली होती आणि ती कुणी बघितली नाही, म्हणून सांगतो.

पहिला सामना वाणगावला झाला, समोर किनाऱ्यावरच्याच एका गावचा संघ. मी मैदानात उतरलो तेव्हा सगळी गर्दी एकदम गप्प झाली आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. समोरचे गडी चढाईला यायचे, मधल्या रेषेवरून आमच्या उजव्या बाजूला वळायचे, तिकडेच हात मारायचे आणि तिकडेच अडकायचे. माझ्याकडे कुणी फिरकत नसे. सामना आम्ही जिंकलो. पुढचाही जिंकला. डहाणू, चिंचणी, बोर्डी, जिथे जाऊ तिथे तेच. लोक म्हणायचे, वरोरचा डावा कोपरा म्हणजे भिंत. मला हार घालायचे. एका गावात तर मला एकट्याला शालही दिली. माझ्या सासऱ्यांनी मला वाणगावला खेळताना पाहिलं होतं, माझं लग्नदेखील त्या कोपऱ्यावरच ठरलं. मी नाक वर करून चालायला लागलो. बोंबील पालटायला बसायचो तेही उपकार केल्यासारखा.

फुगा फुटला तो डहाणूला. सामना जिंकून मी मांडवामागे पाणी प्यायला गेलो. समोरच्या संघाचा चढाईचा मुख्य गडी तिथे हातपाय धूत होता. तोही समुद्राकाठच्याच गावचा, चांगला सरळ माणूस. जिंकलेल्या माणसाला जो माज असतो तो अंगात होताच. मी विचारलं, "काय रे, आज माझ्याकडं एकदापण आला नायस?"

मी खरंच विचारतोय की चेष्टा करतोय हे त्याला कळेना. मग हळूच म्हणाला, "दादा, तुझ्याकडं कोण येल? दर्यानं तुझा हात घेतलेला हाय. दर्यानं ज्याचं घेतलं त्याला धरून ओढायचा नाय. आमाला उद्या होड्या घेऊन जायचं हाय."

मला ही समजूत माहीत नव्हती असं नाही. बुडता बुडता वाचलेल्या माणसाच्या अंगाशी कुणी झोंबत नाही, त्याला ढकलत नाही, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. समुद्राने ज्याचा वाटा घेतला तो माणूस अर्धा समुद्राचा झाला, त्याला ओढलं तर समुद्र आपल्या होडीकडे वळतो. मीसुद्धा असं मानत आलो होतो. फक्त त्या माणसांत मी स्वतःला कधी धरलं नव्हतं.

मी तसाच ओल्या तोंडाने चुलत भावाकडे गेलो. तो बाकीच्यांबरोबर भजी खात बसला होता. मी त्याला बाजूला घेतलं.

"तुला म्हाईत होतं?"

"काय?"

"माझ्याकडं का येत नायत ते."

"सगळ्यांनाच म्हाईत हाय," तो म्हणाला. "तुला नव्हतं म्हाईत?"

"म्हणून मला उभा केलास?"

त्याने हातातलं भजं संपवलं. "तुझा कोपरा बंद असला का त्यांना उजवीकडंच यायला लागतं. तिथं आपली चार माणसं तयार असतात. यात वाईट काय हाय? आपण जिंकतो का नाय? तुला हार मिळतो का नाय?"

त्याला लाज वाटत नव्हती. त्याच्या दृष्टीने त्याने माझं भलंच केलं होतं, वलांडीवरून उठवून मला माणसांत आणलं होतं. शेतात बुजगावणं उभं करतात तसं त्याने मला उभं केलं, आणि बुजगावण्याने आपल्याला वाघ समजून घ्यावं, यात त्याचा दोष तरी किती. त्या संध्याकाळी मी मनात एकेक सामना उलटा पाहात गेलो. सरावातसुद्धा आमचे गडी माझ्यावर पडताना अंग चोरायचे, तेही आता आठवायला लागलं. माझी ती कैची दोन वर्षांत एकदाही कुणाच्या पायाला लागली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी मैदानात गेलो नाही. शाल बायकोने पाळण्यात अंथरली.

महाराष्ट्र झाला त्यानंतरच्या वर्षी मला तलासरीला शाळेत शिपायाची नोकरी लागली. समुद्र सुटला याचा मला आनंद झाला. तलासरीत भात, गवत आणि डोंगर. वारली लोकांचे पाडे लांब लांब विखुरलेले. घंटा वाजवायची, पाणी भरायचं, टपाल आणायचं, एका हाताने होण्यासारखं काम होतं. वरोरची भिंत म्हणत ते मलाच, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

त्या भागातलं गवत तेव्हा मुंबईच्या तबेल्यांत जायचं. पाड्यांवरची माणसं रानातलं गवत कापायची, वखारीत ते लाकडी दाबाखाली घालून, दाबून त्याच्या गासड्या बांधायची. असा दाब उतरताना एका वारली मजुराचा उजवा हात फळीखाली सापडला आणि मनगटापासून गेला. माणूस तिशीचा, बायको आणि दोन मुलं. आमच्या हेडमास्तरांना समाजसेवेची हौस होती. ते मला म्हणाले, "तुम्ही बोला त्याच्याशी. तुम्हाला त्याचं दुःख कळेल."

मला त्याचं दुःख मुळीच कळत नव्हतं. एक हात गेलेली दोन माणसं म्हणजे काही सख्खे भाऊ नव्हेत. पण हेडमास्तरांना नाही कसं म्हणणार? एका रविवारी तो शाळेच्या ओटीवर येऊन बसला. मी त्याला एका हाताने गाठ कशी मारायची, काडेपेटी गुडघ्यांत धरून काडी कशी ओढायची, हे दाखवायला लागलो. त्याने शांतपणे सगळं बघून घेतलं.

"हे मला येतं," तो म्हणाला. खिशातून विडी काढली, पेटी गुडघ्यांत धरली आणि माझ्यापेक्षा लवकर पेटवली.

"मग काय येत नाय?"

"मी हुतूतू खेळायचो. चढाईचा गडी होतो. आता पाड्यावर मला खेळायला घेत नायत."

त्याला भरपूर दम होता, ते त्याच्या छातीवरूनच कळत होतं. मला काय झालं कुणास ठाऊक, जे मी बायकोलाही नीट सांगितलं नव्हतं ते सगळं मी त्याला सांगून टाकलं. कामट्या, कोपरा, हार, शाल, मांडवामागचं पाणी. शेवटी त्याने विचारलं, "म्हणजे हात गेल्यावर तुला कुणी एकदापण धरला नाय?"

"नाय."

"मला धरायला पायजे," तो म्हणाला. "मी आत गेलो आणि त्यांनी मला धरला, म्हणजे मी अजून गडी हाय. सोडून दिला, म्हणजे नाय. एवढं मला बघायचंय."

तिथून माझ्या अंगात भूत शिरलं. शाळेच्या पटांगणात मी संघ उभा केला. दोन मास्तर, एक जंगल खात्याचा रखवालदार, बाकीचे पाड्यांवरचे. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना बजावलं, की याला धरताना जो अंग चोरेल तो पटांगणाला दहा फेऱ्या मारेल. हेडमास्तरसुद्धा त्यातून सुटले नाहीत, त्यांनी धोतर खोचून सहा मारल्या आणि उरलेल्या चार माफ करून घेतल्या. उजवा हात नसला की पडताना तोल कुठे जातो, पाठ कशी वळवायची, थोट्यावर भार न देता उठायचं कसं, हे मी त्याला रोज शिकवत होतो. माझी कैची मी त्याला शिकवली नाही. तो चढाईचा गडी, त्याला ती नको होती. त्याला हवी ती चपळाई त्याच्यात होती. तो पाय लांब टाकून गडी मारायचा आणि साप सुटावा तसा परत सुटायचा. एकदा त्याचा गुडघा लागून धाकट्या मास्तरांचा दात हलला, त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला जिलेबी आणून दिली.

आठ महिन्यांनी कासा इथे सामने ठरले. आमची गाठ पहिल्याच फेरीत वरोरशी पडली, म्हणजे माझ्याच गावाशी आणि चुलत भावाशी. हे ऐकल्यापासून मला चैन पडेना. बाकी कुठलाही संघ चालला असता. माझ्या गावचे लोक एका हाताच्या माणसाशी कसे वागतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? ते याला हळूच हात लावून सोडून देतील, तो टाळ्या घेत परत येईल, आणि एका दिवसात त्याचा शेणामातीचा पुतळा होईल. मी हे होऊ देणार नव्हतो.

सामन्याच्या सकाळी वरोरचा संघ ट्रकमधून उतरून एका हॉटेलात चहा पीत बसला होता. मी आमच्या माणसांना न सांगता तिकडे गेलो. चुलत भाऊ आता जाड झाला होता, पण कप्तान तोच होता. मी त्याला बाहेर बोलावलं.

"आमच्यात एक हात नसलेला गडी हाय," मी म्हटलं. "त्याला सोडायचा नाय. बाकीच्यांना धरता तसाच धरायचा."

तो म्हणाला, "बरं. सांगतो सगळ्यांना."

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मी परत येताना रस्त्यात गाणं गुणगुणत होतो, हे मला पक्कं आठवतं.

सामना दुपारी उन्हात सुरू झाला. आमच्या वारली गड्याने पहिल्या चढाईत एक गडी मारला, दुसऱ्या चढाईत रिकामा परतला. तिसऱ्या चढाईत तो खोल गेला, थेट त्यांच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्याने खाली वाकून त्याचा घोटा धरला. दुसऱ्या क्षणी चौघं त्याच्या अंगावर पडले. खालून त्याचं हुतूतू ऐकू येत होतं, घोगरं झालेलं पण न तुटलेलं. तो त्या चौघांना अंगावर घेऊन इंच इंच मधल्या रेषेकडे सरकत होता. पंजा नसलेला हात त्याने पुढे काढला होता. तिथे जर पंजा असता तर तो रेषेला लागला असता. मग दम तुटला.

तो उठला तेव्हा ओठ फुटला होता आणि दातांत माती होती. तो हसत होता. त्याने मैदानातून माझ्याकडे बघितलं आणि तो थोटा हात वर केला. माझा ऊर आनंदाने भरून आला, असं इथे लिहायला पाहिजे. तसं झालं नाही. माझा जळफळाट झाला. जे मला दोन वर्षांत मिळालं नाही ते त्याला तिसऱ्या चढाईत मिळालं होतं, आणि ते मीच त्याच्या हातात ठेवलं होतं.

आम्ही हरलो. हरल्याचं कुणालाच फारसं वाटलं नाही. चहाच्या टपरीपाशी आमचे सगळे गडी त्याच्याभोवती उभे होते, तो ती चढाई पुन्हा पुन्हा करून दाखवत होता. तेवढ्यात चुलत भाऊ आला. त्याने वारली गड्याच्या पाठीवर थाप मारली.

"काय दम हाय रे तुझा. आमचा भाऊ सकाळीच सांगून गेला होता, याला सोडू नका म्हणून. बघ, नाय सोडला."

वारली गड्याने हातातला कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. बाकीच्यांना यात काही वावगं वाटलं नाही, ते हसत होते.

मी चुलत भावाला टपरीमागे ओढलं. "हे त्याच्यापुढं बोलायची काय गरज होती?"

"का? खोटं बोललो?" तो गोंधळला होता. "आणि खरं सांगू, तू उगाच आला होतास. तू नसतं सांगितलं तरी धरलाच असता. त्याचा हात काय दर्यानं घेतलाय? गवताच्या दाबात गेला. आमाला त्याची कसली भीती? तू एवढा धावत आलास म्हणून मी बरं म्हटलं, तुला वाईट कशाला वाटू द्यायचं."

ती समजूत मला आईच्या दुधाबरोबर मिळालेली. समुद्राने घेतलेला माणूस वेगळा आणि जमिनीवर थोटा झालेला वेगळा, हे वरोरचं शेंबडं पोर सांगेल. आठ महिने त्या माणसाला रोज बघत असताना मला ते एकदाही सुचलं नाही. मी त्याला बघतच नव्हतो. माझा कोपरा, माझी शाल, माझे हार, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं.

परत जाताना एस.टी.त मी आणि तो वारली गडी शेजारी शेजारी बसलो. आमचे बाकीचे गडी मागे होते. चारोटीचा फाटा मागे पडला. शेवटी मीच म्हटलं, "माझा भाऊ सांगत होता, मी नसतो गेलो तरी ते तुला धरणारच होते."

"असतील," तो म्हणाला.

"खरंच धरणार होते."

"आता ते कसं कळणार?" त्याचा आवाज चढलेला नव्हता. "तू गेला नसता तर मला कळलं असतं."

मी म्हटलं, माझा हेतू वाईट नव्हता. हे वाक्य तोंडातून गेल्यावर मला माझ्याच चुलत भावाचा आवाज ऐकल्यासारखं झालं. तो खिडकीबाहेर बघतच बोलला.

"तुला कुणी धरला नाय, म्हणून तू मला धरायला लावलंस. तो डाव तुझा होता. माझा राह्यलाच."

तलासरीला उतरल्यावर त्याने पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि पाड्याच्या वाटेला लागला. चार पावलं गेल्यावर थांबून म्हणाला, "पुढल्या खेळाला तू येऊ नको."

मी गेलो नाही. संघ चालू राहिला. दोन-तीन वर्षं ते लोक आसपासच्या गावांना खेळायला जात राहिले, आणि सामन्याच्या दिवशी मी शाळेत बसून खडूचे डबे लावत असे. त्याने माझ्याशी बोलणं सोडलं नाही. सोमवारी कामावर जाताना तो ओटीवर थांबायचा, पाणी प्यायचा, गुडघ्यांत पेटी धरून विडी पेटवायचा, पावसापाण्याचं बोलायचं तेवढं बोलायचा. काल त्याला धरला की सोडला, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं तोंडच मला राहिलं नव्हतं. पण नजर कुठे ऐकते, ती त्याच्या गुडघ्यांकडे जायची, कातडं सोललंय का ते बघायला. एकदा त्याने मला बघताना पकडलं. त्या सोमवारपासून तो ओटीवर बसला की आधी गुडघ्यांवर पंचा टाकून घ्यायचा.